काठीपासून ओव्हलपर्यंत : हायकोर्टाच्या इमारतीची वाटचाल

नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या शेतांमधून जाताना काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती दिसतात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमध्ये लाव्हा शिरला आणि तिथेच थिजला. भोवतालचा ठिसूळ खडक पावसापाण्याने झिजून गेला, तसे हे दगडी बांध उघडे पडले. मुंबईत ओव्हल मैदानाच्या कडेला उभा राहून मी उच्च न्यायालयाची इमारत पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला या भिंती आठवल्या. दगड तोच, निळसर झाक असलेला काळा बेसाल्ट. सातपुड्याच्या पायथ्यापासून मुंबईच्या बेटापर्यंतचा मुलूख या एकाच पाषाणावर बसला आहे. मात्र या दोन टोकांमधला न्यायाचा रस्ता तयार व्हायला दीडशे वर्षे लागली, आणि तो अजून पुरता झालेला नाही.

आमच्याकडे भावाभावांत बांधावरून वाद झाला की आवाज चढतो आणि कुणीतरी म्हणतोच, ‘हायकोर्टापर्यंत जाईन!’ हायकोर्ट म्हणजे काय, ते कुठे आहे, तिथे कोणती भाषा चालते, हे म्हणणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. पण तालुक्याच्या कोर्टाच्या वर, धुळ्याच्या वर, कुठेतरी एक शेवटचे दार आहे आणि ते आपल्यालाही उघडते, हा विश्वास त्या शब्दांत आहे. शंभराहून अधिक वर्षे ते दार म्हणजे ओव्हलवरची ही इमारत होती. म्हणून तिची हकिकत मी मुंबईच्या बाजूने सांगत नाही. ज्याला तिथवर पोचायला सर्वांत जास्त वेळ लागला, त्याच्या बाजूने सांगतो.

मुंबईत इंग्रजांचे रेकॉर्डर कोर्ट १७९८ मध्ये सुरू झाले. सर विल्यम सायर हे पहिले रेकॉर्डर. १८२४ मध्ये त्याची जागा सुप्रीम कोर्टाने घेतली. हे कोर्ट थेट इंग्लंडच्या राजाच्या सनदेने चालायचे आणि त्याचा अंमल मुख्यतः मुंबई बेटापुरता होता. बेटाबाहेरच्या मुलखात, म्हणजे मोफसिलात, ईस्ट इंडिया कंपनीची वेगळी न्यायालये होती आणि त्यांच्या माथ्यावर सदर अदालत. ही सदर अदालत काही काळ सुरतेत होती, नंतर ती मुंबईला आली. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले आणि नंदुरबार, तळोदा, शहादा हा सगळा भाग धुळ्याच्या कचेरीला जोडला गेला. एकाच इलाख्यात दोन प्रकारचा न्याय होता, राजाचा बेटावर आणि कंपनीचा बेटाबाहेर.

या दोहोंची टक्कर १८२८ मध्ये झाली. मोरो रघुनाथ नावाचा एक मुलगा पुण्यात आपल्या वडीलधाऱ्यांच्या ताब्यात होता. त्याला कोंडून ठेवले आहे अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टाने त्याला हजर करण्याचा हुकूम काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हुकूम बजावायला नकार दिला. सुप्रीम कोर्टाचा हुकूम पुण्यात चालत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या सुमारास कोर्टाचे दोन न्यायाधीश वारले होते आणि सर जॉन पीटर ग्रँट एकटेच उरले होते. माझा हुकूम मानला जात नसेल तर न्यायासनावर बसण्यात अर्थ नाही, असे ठरवून त्यांनी १ एप्रिल १८२९ रोजी कोर्टाला कुलूप लावले. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात गेला. तिथे ग्रँट हरले. सुप्रीम कोर्टाचा अंमल मोफसिलातल्या रयतेवर नाही, असा निकाल आला. कायद्याच्या इतिहासात हा खटला अधिकारक्षेत्राच्या प्रकरणात येतो. मला त्यात पुढच्या दीडशे वर्षांचा प्रश्न दिसतो. मुंबईत बसलेल्या न्यायाचा हात कुठपर्यंत पोचतो? पुण्यापर्यंत पोचत नव्हता, तर नंदुरबारचे नावच घ्यायला नको.

१८५७ नंतर कंपनी गेली आणि ही दोन घरे एक करण्याचा निर्णय झाला. २६ जून १८६२ च्या सनदेने मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. सर मॅथ्यू सॉसे हे पहिले मुख्य न्यायाधीश. सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत दोन्ही त्यात विलीन झाली. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने खालची उतरंडही बसवली. जुने मुन्सफ गेले, पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश आले, त्यांच्यावर जिल्हा न्यायाधीश आणि सर्वांत वर हायकोर्ट. लोकांच्या तोंडात मात्र ‘मुन्सफ कोर्ट’ हा शब्द पुढेही टिकून राहिला. निदान कागदावर तरी खानदेशातल्या पक्षकाराला आता मुंबईपर्यंत एक सलग जिना मिळाला होता.

हायकोर्टाला मात्र स्वतःचे घर नव्हते. फोर्टात अपोलो स्ट्रीटवर जुने अ‍ॅडमिरल्टी हाउस होते. पुढे त्याचे ग्रेट वेस्टर्न हॉटेल झाले. रेकॉर्डर कोर्टाच्या दिवसांपासून न्यायालय तिथेच भरत आले होते. नव्या इमारतीला जागा मिळाली ती एका पाडकामातून. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर, समुद्राकडे तोंड करून, सरकारी इमारतींची एक रांग आखली गेली. सचिवालय, विद्यापीठाचे सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सार्वजनिक बांधकाम खाते. आज समोर ओव्हल मैदान आणि त्यापलीकडे घरांची रांग दिसते. तेव्हा बॅकबेचे पाणी बरेच अलीकडे होते आणि पश्चिमेचा वारा थेट या खिडक्यांवर येत असे.

या रांगेमागचा पैसा कुठून आला, हे आपल्या लोकांनी समजून घ्यायला हवे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईतून जाणाऱ्या गाठींना सोन्याचा भाव आला. त्या गाठी मुंबईत पिकत नव्हत्या. त्या वऱ्हाडातून, गुजरातेतून, धारवाडकडून आणि खानदेशातून बैलगाड्यांनी आणि नव्या रेल्वेने येत होत्या. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, पण शहराची नवी आखणी मागे हटली नाही. ओव्हलवरच्या इमारतींच्या पायात तापीकाठच्या काळ्या मातीतल्या कापसाचाही वाटा आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

इमारतीचा आराखडा रॉयल इंजिनिअर्सचे कर्नल जे. ए. फुलर यांनी केला. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. मंजूर अंदाजपत्रक १६,४७,१९६ रुपयांचे होते आणि प्रत्यक्ष खर्च आला १६,४४,५२८ रुपये, म्हणजे २,६६८ रुपये वाचले. साडेसात वर्षे चाललेले, एवढ्या आकाराचे दगडी काम अंदाजात बसवणे ही साधी गोष्ट नाही. फुलरची कलावंत म्हणून जी कीर्ती असेल ती असो, या हिशेबासाठी मी त्याला मानतो.

शैली गॉथिक. टोकदार कमानी, उतरती छपरे, उंच मधला मनोरा. युरोपातल्या चर्चांसाठी आणि थंड हवेसाठी घडलेली ही शैली मुंबईच्या उकाड्यात आणि पावसात जशीच्या तशी चालली नसती. म्हणून दर्शनी भागाला कमानींच्या पडव्या दिल्या. ऊन आणि पावसाचा मारा या पडव्या झेलतात, आतली दालने सावलीत राहतात. खानदेशी घराची ओसरी जे काम करते तेच. भिंतींना बेसाल्टचा दर्शनी दगड आहे आणि कोरीवकामाला, कडांना पोरबंदरचा फिकट दगड वापरला आहे. बेसाल्ट कठीण, छिन्नीला दाद न देणारा. पोरबंदरी दगड मऊ, त्यावर पानेफुले सहज उमटतात. काळ्यावर पांढऱ्या रेघा ओढाव्यात तशी ही इमारत दुरून दिसते ती या दोन दगडांमुळे.

मैदानाकडच्या बाजूला मधल्या मनोऱ्याच्या दोहो अंगांना दोन अष्टकोनी मनोरे आहेत. त्यांच्या शिरावर दोन पुतळे उभे आहेत, एक न्यायाचा आणि एक दयेचा. या मनोऱ्यांतून न्यायाधीशांचे स्वतंत्र जिने वर जातात. लोकांचा मुख्य जिना पूर्वेच्या बाजूला, फोर्टच्या गल्ल्यांकडे. त्याच्याकडे नेणारी, इमारतीच्या पोटातून जाणारी पोरबंदरी दगडाची कमानदार वाट फार देखणी आहे. न्यायाधीश पश्चिमेने वर चढणार, पक्षकार पूर्वेने, आणि दोघांची गाठ पडणार ती फक्त न्यायदालनात. न्यायाधीशाला वाटेत कुणी गाठू नये हा विचार दगडात बांधलेला आहे. इमारतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

कोरीवकामात प्राणीही आहेत. एका खांबावर एका डोळ्यावर पट्टी बांधलेले माकड हातात तराजू धरून बसले आहे, आणि वकिली पोशाखातला कोल्हाही आहे. बांधकामाच्या एका पारशी कंत्राटदाराने कामाच्या वादात कोर्टात खटला हरल्यावर असा राग काढला, अशी आख्यायिका वकील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. मध्ययुगीन गॉथिक इमारतींवर असे प्राणी कोरण्याची रीत होतीच. पण ती आख्यायिका टिकली, कारण हरलेल्या माणसाला तीत आपली बाजू दिसते. ते माकड कुणी काढून टाकले नाही, याचे मला बरे वाटते.

१० जानेवारी १८७९ रोजी नव्या इमारतीत पहिल्यांदा न्यायालय बसले.

आता सातपुड्यातल्या काठी गावाकडे येऊ. काठी म्हटले की महाराष्ट्राला आठवते ती राजवाडी होळी. रात्रभर चालणारे नृत्य, मोरपिसांचे टोप, कमरेला बांधलेले भोपळे आणि घुंगरे, पहाटे पेटणारी होळी. पण काठीचे नाव एका कायद्यातही आहे. ओव्हलवर मजले चढत होते त्याच काळात, १८७४ मध्ये, अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा झाला. ज्या मुलखांना सरकारचे नेहमीचे कायदे आपोआप लागू होणार नाहीत, त्यांची यादी त्याला जोडली होती. मुंबई इलाख्याच्या यादीत सिंध होता, एडन होते, पंचमहाल होता आणि खानदेशातल्या मेहवासी, म्हणजे डोंगराळ मुलखातल्या वतनदार, प्रमुखांची गावे होती. काठी, नाल, सिंगपूर आणि नवलपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे. इंग्रजी कागदांत ही नावे पारवी, वालवी, वसावा अशी पडली. आज अक्कलकुव्याच्या किंवा तळोद्याच्या शाळेची हजेरी घेतली तर अर्धा वर्ग याच आडनावांचा निघेल. या गावांचा कारभार खानदेशचा कलेक्टर सरकारचा एजंट म्हणून पाहत असे. तोच वसुली करणारा, तोच निवाडा देणारा.

या व्यवस्थेची एक बाजू मी समजू शकतो. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, मावची समाजांत तंटे मिटवण्याची स्वतःची पद्धत होती आणि आहे. गावचा कारभारी, पंच, दोन्हीकडची वडीलधारी माणसे एकत्र बसतात. झाडाखाली बोलणे होते, दंड ठरतो, जेवण होते आणि तंटा तिथेच मिटतो. वकील नाही, स्टॅम्प नाही, तारीख नाही. ते मोडून वर इंग्रजी कायदा लादला गेला नाही, हे एका अर्थाने बरेच झाले. पण दुसरी बाजूही आहे. सावकाराशी, जंगल खात्याशी, सरकारशी तंटा झाला तर पंच काय करणार? तिथे कोर्टच लागते. आणि ज्या वर्षांत मुंबईत एवढे मोठे न्यायमंदिर उभे राहत होते, त्याच वर्षांत या गावांना त्या मंदिराच्या नेहमीच्या वाटेबाहेर ठेवले गेले. मेहवासी वतनांचे मालकी हक्क रद्द झाले ते महाराष्ट्र राज्य झाल्यावर, १९६१ च्या विनियमाने.

१८७९ चा आणखी एक योग सांगण्यासारखा आहे. मुंबईत नवी इमारत सुरू झाली त्याच वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची बदली धुळ्याला झाली. तेव्हा ते पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश होते. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड ऐन भरात होते आणि पुण्यातल्या सुशिक्षितांवर सरकारचा संशय होता. रानड्यांना आधी नाशिकला आणि मग धुळ्याला, पुण्यापासून दूर धाडले गेले. धुळ्यात त्यांच्या टपालावर सरकारची नजर होती. तिथे ते आपली निकालपत्रे लिहीत राहिले. १८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली गेले आणि त्यांच्या जागी रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १९०१ मध्ये वारले तोपर्यंत ते त्या पदावर होते. ज्या सरकारने त्यांना खानदेशात नेऊन ठेवले, त्याच सरकारला त्यांना ओव्हलवरच्या न्यायासनावर बसवावे लागले. खानदेशच्या कोर्टात बसलेला माणूस पुढे वरच्या न्यायासनावर बसला, ही गोष्ट मला त्या इमारतीच्या कोणत्याही कमानीपेक्षा मोठी वाटते.

रानड्यांच्या काळात नंदुरबारच्या पक्षकाराला मुंबई गाठायची तर धुळ्याकडून चाळीसगावपर्यंत गाडीवाटेने जायचे आणि तिथे रेल्वे पकडायची. १९०० पर्यंत सुरत आणि भुसावळच्या बाजूंना जोडणारी तापी खोऱ्याची रेल्वे झाली आणि नंदुरबारला स्टेशन आले. मैल कमी झाले. राहिली ती भाषा. आणि या इमारतीतल्या सर्वांत गाजलेल्या खटल्यात नेमका भाषेचाच प्रश्न होता.

इमारतीच्या मधोमध दुसऱ्या मजल्यावर फौजदारी खटल्यांचे मोठे न्यायदालन आहे. लोकमान्य टिळकांवर १८९७ मध्ये राजद्रोहाचा पहिला खटला चालला तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा दिली होती. १३ जुलै १९०८ रोजी टिळक पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. न्यायासनावर होते दिनशा दावर, ज्यांनी १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. आरोप ‘केसरी’तल्या लेखांबद्दल होता. त्यांत ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे प्रमुख. लेख मराठीत आणि ज्यूरी नऊ जणांची, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख त्यांच्यापुढे आले ते इंग्रजी भाषांतरात. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला, दिवसचे दिवस बोलले आणि त्यातला मोठा भाग शब्दांच्या अर्थावर खर्च केला. भाषांतर चुकीचे आहे, मूळ मराठीत ही छटा नाही, तो लेख ज्या वाचकासाठी लिहिला त्याची भाषा ज्यूरीला येत नाही, हे ते पुन्हापुन्हा मांडत राहिले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले गेले. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड. शिक्षा मंडालेत भोगावी लागली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, एका वर्षाला एक दिवस.

त्या दालनाबाहेर आता संगमरवरी फलक आहे. दोषी ठरल्यावर टिळकांनी काढलेले उद्गार त्यावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाने ती चूक होती हे उघड मान्य करावे, याला मन मोठे लागते. फलकासमोर बरेच जण फोटो काढतात. मी तिथे उभा राहिलो तेव्हा मात्र मला धडगावकडचा एखादा पावरा साक्षीदार दिसत होता. टिळकांना इंग्रजी येत होते, कायदा येत होता, म्हणून भाषांतर चुकले आहे हे ते ठणकावून सांगू शकले. ज्याला दोन्ही येत नाही, त्याने काय करायचे?

स्वातंत्र्यानंतरची वर्षे मी भरभर ओलांडतो, कारण त्या काळावर पुष्कळ लिहिले गेले आहे. नंदुरबारच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ १९७०-७५ चा. शहादा-तळोदा भागात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबत्यांनी आदिवासी शेतमजुरांना उभे केले. सावकारीत आणि फसवणुकीत गेलेल्या जमिनींचा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला. अशा चळवळींच्या रेट्यातून आदिवासींच्या जमिनी परत देण्याचे कायदे झाले. १ नोव्हेंबर १९७५ पासून असा एक कायदा अमलात आला आणि त्याला लगेच कोर्टात आव्हान दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. कायदा टिकला म्हणजे प्रत्येक जमीन परत मिळाली असे नाही. त्यासाठी कचेरीत खेटे घालावेच लागले. पण ज्या कोर्टाचा रस्ता १८७४ मध्ये पाडवी-वळवी-वसाव्यांच्या गावांना नव्हता, ते कोर्ट आता त्यांच्या जमिनीच्या बाजूने उभे राहिले.

आणि मग हायकोर्टच जवळ आले. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. त्यालाही विरोध झाला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि बरोबर तीन वर्षांनी, २७ ऑगस्ट १९८४ पासून, कायमचे खंडपीठ झाले. आधी ते मराठवाड्यासाठी होते, पुढे अहमदनगर, जळगाव आणि धुळे हे जिल्हेही जोडले गेले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा तोही त्याच खंडपीठाकडे राहिला. धुळे या खंडपीठाला जोडले गेले तेव्हापासून नंदुरबारचे अपील ओव्हलवर जात नाही. पक्षकार रात्रीची एसटी धरतो, धुळे, चाळीसगाव आणि कन्नडचा घाट चढून सकाळी छत्रपती संभाजीनगरला उतरतो. या घाटाचे जुने नाव औट्रम घाट. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा तोच जेम्स औट्रम. सातपुड्यातल्या माणसाला न्याय मागायला जाताना अजूनही त्याच्या नावाच्या घाटातून जावे लागते.

मुंबईच्या इमारतीचे काय? ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात ती आहे. ती आता अपुरीही पडते. १८६२ च्या सनदेत जास्तीत जास्त पंधरा न्यायाधीशांची कल्पना होती. आज या उच्च न्यायालयाची मंजूर संख्या ९४ आहे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा मिळून. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झाले. दालनांत मध्येच भिंती घातल्या गेल्या, पडव्यांत कपाटे आली, दप्तरे साठली. वांद्रे पूर्वेला नवे संकुल उभारण्याचे ठरले आहे. जुनी इमारत रिकामी होईल त्या दिवशी तिला नुसते पाहण्याचे ठिकाण करू नये, असे मला मनापासून वाटते. निदान टिळकांच्या दालनात न्यायालय बसत राहावे. न्यायाची इमारत न्याय चालू असतानाच जिवंत असते, आणि तिच्या पूर्वेच्या जिन्यावर पक्षकाराची पावले वाजत राहिली पाहिजेत.

पण माझे मागणे त्या इमारतीपाशी संपत नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत शंभरातले ६९ जण अनुसूचित जमातींचे. घरात भिलोरी, पावरी, मावची बोलणारी ही माणसे आहेत. हायकोर्टाची भाषा राज्यघटनेनुसार इंग्रजी आहे. तालुका आणि जिल्हा कोर्टांत मराठी आली, ते योग्यच झाले. मात्र अक्राणीच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या बाईला मराठीही परकीच. तिची साक्ष कुणीतरी मराठीत सांगतो, ती मराठीत उतरते, अपिलात तिचे इंग्रजी होते, आणि खंडपीठापुढे पोचतो तो तिच्या शब्दांचा तिसरा अवतार. ‘होय’ म्हणताना तिने मान कशी हलवली, नाते सांगताना कोणता शब्द वापरला, शेताची हद्द कोणत्या झाडाने दाखवली, हे वाटेत गळते. कायदा सांगतो की आरोपीला न समजणाऱ्या भाषेतला पुरावा त्याला समजावून सांगितला पाहिजे. ते काम बऱ्याचदा कोर्टात हजर असलेल्या, दोन्ही बोली थोड्याफार येणाऱ्या कुणातरी माणसावर येते. टिळकांनी ज्या भाषांतरावर बोट ठेवले ते निदान सरकारी भाषांतरकाराने केलेले होते.

जिल्ह्यात आता कायदा शिकलेली पावरा, भिल्ल, मावची मुले-मुली आहेत. त्यांतूनच प्रशिक्षित, पगारी दुभाषे प्रत्येक तालुका कोर्टाला मिळावेत. बोलीतले जमीन-नात्यांचे शब्द गोळा करून त्यांचा कोश कोर्टाच्या दप्तरात ठेवावा. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा आणि धडगावच्या वकील मंडळींनी ही मागणी खंडपीठापुढे लेखी मांडावी. साक्ष देणाऱ्या बाईचा पहिला शब्द तिच्या स्वतःच्या भाषेत नोंदवला जावा, एवढेच तिचे मागणे आहे.